शेवंताचा अर्धा दिवस

सोपानराव बायकोपोरांना न्यायला चिखलीत आले, तेव्हा त्यांचा धाकटा मेहुणा उद्धवराव पडवीत आपल्या लेकीला चालायला शिकवत होता. पोर काही रांगती नव्हती. चांगली आठ वर्षांची होती, आणि पाडव्याला याच पोरीनं चुलतभावांना मळ्यापर्यंत पळून हरवलं होतं.

पडवीच्या दोन खांबांना उद्धवनं बैलाचा कासरा ताणून बांधला होता. त्याला धरून शेवंता या खांबाकडून त्या खांबाकडे निघायची. पाय टाकायची एकीकडे आणि तो पडायचा भलतीकडेच. मध्येच गुडघा दुमडायचा आणि ती कासऱ्याला लोंबकळायची.

"पुन्यांदा," उद्धव म्हणायचा. आवाज चढवायचा नाही की हात उगारायचा नाही. "पुन्यांदा, माझे बाय."

आणि पोर पुन्हा उभी राहायची. तिनं एकदा तरी भोकाड पसरलं असतं तर बघणाऱ्याला बरं वाटलं असतं. पण शेवंता मुळातच सांगितलेलं ऐकणारी. त्या ऐकण्यापायीच तर हे सगळं घडलं होतं.

रंभा उंबऱ्यात उभी होती. नवरा दारात आलाय, त्याला पाय धुवायला पाणी द्यायला हवं, हे तिला कळत होतं, पण तिचा पाय निघत नव्हता. भाऊ 'पुन्यांदा' म्हणाला की दर खेपेला ती दाराची चौकट घट्ट धरायची. शेवटी थोरली भावजय सुभद्राबाई तांब्या घेऊन पुढे झाली आणि जाता जाता रंभाकडे एक नजर टाकून गेली.

माहेरी रंभाचा मोठा लौकिक होता. भांडण तोडावं तर रंभानं. थोरला दौलतराव शेती बघणारा, धाकटा उद्धव पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटर, आणि मधली ही. बैल आधी कुणी न्यायचे, पाटाचं पाणी आधी कुणाच्या वाफ्याला, असलं काही निघालं की बाई मध्ये बसायची, अर्धं याच्या पदरात टाकायची, अर्धं त्याच्या. दोघंही थोडे थोडे नाराज व्हायचे आणि जेवायला बसायचे. लग्न होऊन चाकणला गेली तरी हा मान तिच्याकडेच राहिला. दर उन्हाळ्यात पोरांना सुट्टी लागली की ती आपल्या दोघांना घेऊन यायची, आणि वर्षभराची तुंबलेली भांडणं तिच्यापुढे येऊन पडायची.

यंदाचं भांडण पोरांच्या सुट्टीवरूनच होतं. उद्धव कारखान्यात लागल्यापासून त्याच्या डोक्यात घड्याळ शिरलं होतं. दोन महिने पोरांनी नुसतं उंडारायचं ही कल्पनाच त्याला सोसेना. पहाटे पाढे, मग शुद्धलेखन, मग ज्याला नेमून दिलेलं काम त्यानं करायचं, दुपारी झोप, संध्याकाळी कवायत, असा सगळा बेत त्यानं ठरवून टाकला होता. दौलतरावांना हे ऐकूनच झिणझिण्या आल्या. "पोरं हायती, का तुज्या कंपनीतलं कामगार?" ते म्हणाले होते. "उनाळ्यात नदीत पवावं, कैऱ्या पाडाव्या, मोटंच्या नाड्यावर बसून धावंच्या उतारावरनं खाली यावं. आपून काय येगळं केलं?" "म्हून तर आपून हितंच ऱ्हायलो," उद्धवनं उलट टोला हाणला होता, आणि दोन भावांची तोंडं दोन दिशांना झाली होती.

तेव्हा रंभानं वाटणी करून दिली. सकाळ उद्धवची, दुपार पोरांची. मध्ये खूण कशाची, तर कारखान्याच्या बाराच्या भोंग्याची, कारण तो चिखलीपर्यंत स्वच्छ ऐकू यायचा. भोंगा होईपर्यंत नेमून दिलेली जागा कुणी सोडायची नाही. आणि भोंगा झाल्यावर पोरं कुठं आहेत हे मोठ्यांनी विचारायचं नाही, भाकरी बांधून द्यायची आणि गप बसायचं. हे दुसरं कलम तिनं दौलतरावांसाठी घातलं होतं. "वन्सं म्हंजी निस्त्या वकील हाईत," असं सुभद्राबाई म्हणाली, आणि खरं सांगायचं तर रंभा त्या दिवशी स्वतःवर भलतीच खूश होती.

बेत झकास चालला होता. पोरं सकाळी मुकाट पाढे म्हणायची, कांद्याच्या पाती कापायची, वाळवण राखायची, आणि भोंगा झाला रे झाला की इंद्रायणीकडे उधळायची. मग एक दिवस भोंगा झालाच नाही. कारखान्यात वीज गेली होती, एवढंच. मोठ्या पोरांनी डोक्यावरचा सूर्य बघितला, जरा वाट बघितली, आणि सगळी नदीवर पळाली. शेवंता तेवढी राहिली. सुभद्राबाईनं तिला खळ्यावर कुरडयांपाशी बसवलं होतं, हातात कावळे हाकायला काठी देऊन. सकाळी तिथं लिंबाची सावली होती. सूर्य चढला तशी सावली सरकून गेली, पण पोरगी सरकली नाही, कारण भोंगा झाल्याशिवाय जागा सोडायची नाही असं ठरलं होतं, आणि नियम तिच्या बापाचा होता. घरात कुणाला वाटलं नाही की पोर कुठंय ते बघावं. दुपार पोरांची होती ना. सगळी नदीवर आहेत असं समजून बायका कलंडल्या. तिसऱ्या प्रहरी सुभद्राबाई कुरडया उलटायला गेली तेव्हा पोर झटके देत पडलेली होती आणि अंगाला हात लावला तर तव्यासारखं लागत होतं.

पुण्याच्या दवाखान्यात तिचा जीव वाचला. पाय वाचले नाहीत, जीभ वाचली नाही. आता ती 'आई' म्हणायची तेवढं कळायचं. बाकीचं तिच्या तोंडातून ओलं होऊन बाहेर यायचं.

जेवणं उरकली. रस होता, पण कुणी दुसरी वाटी मागितली नाही. पुरुष पडवीत बसले, बायका माजघराच्या दाराशी. उद्धवनं शेवंताला खांबाला टेकवून ठेवलं होतं. रंभाचा सोनबा तिच्यापुढे आंब्याची कोय धरून बसला होता. ती घ्यायला हात पुढे करायची आणि हात कोयीच्या बाजूनं निघून जायचा. सोनबा दोनदा हसला, मग त्याला हसू येईना, आणि कोय तिथंच ठेवून तो अंगणात पळाला.

सोपानरावांनी ते बघितलं. माणूस कांद्याच्या आडतीवर ओरडून ओरडून घसा बसलेला, पण मनाचा हळवा. "उद्धवराव, राग धरू नका," ते म्हणाले. "पोरीला जरा दम खाऊ द्या की. गुडघं बगा तिचं, सालटी निघाल्याती."

"दाजी, मशीन उभं ठिवलं की गंज चढतो," उद्धव म्हणाला. "रोजच्या रोज फिरवलं तर फिरतं. म्या मुद्दाम दुपारची शिफ्ट मागून घेतलीया. आज सुट्टी टाकलीया तुमी येनार म्हून, न्हाईतर रोज सकाळभर तिला येळ देतो. काल ती सोताच्या बळावर अर्ध्या पडवीतनं आली. इचारा कुनाला बी."

"आन् रातभर पाय आखडून कन्हत हुती, त्ये बी सांगा."

सगळे चमकले. आवाज दाराआडून आला होता, शालनचा. उद्धवची बायको थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची नाही, आणि आज तर पाहुण्यांसमोर बोलली होती. दौलतरावांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मग काय करू?" उद्धव दाराकडे वळला. "देवासारकी बसवून ठिवू? पूजा करू तिची?"

"बसवू नगा. सोडा तिला," शालन म्हणाली. "अंगनात सोडा, मातीत सोडा. लोळंल, खेळंल, मनाला यील त्ये करंल. सकाळच्या पारी उठवून त्ये चिंचोकं मोजायला लावता. ह्या वाटीतनं त्या वाटीत, ह्या वाटीतनं त्या वाटीत. हात थरथरतो, चिंचोकं सांडत्यात, की पुन्यांदा. तुमची कंपनी हाय का ती?"

"तिच्या भल्यापायीच करतूय ना!"

"भल्यापायीच खळ्यावर बसवली हुती."

हे बोलायला नको होतं, आणि बोलून गेल्यावर शालननंही पदर तोंडावर घेतला. उद्धवचा चेहरा पांढराफटक पडला. पोरीच्या गुडघ्यावर माशी बसली होती, ती त्यानं हातानं हाकलली.

मग सुभद्राबाई मध्ये पडली. "शालन, आसं बोलू न्हाई गं. खळ्यावर मी बसवली हुती, भावजींनी न्हाई. आन् पोरांत सोडा म्हंतीस, तर पोरं तिला घेत्यात कुटं? माजीच कार्टी तिला बगून वाट बदलत्यात. भावजी करत्यात त्येच बरूबर हाय. शिस्तीत ठिवली तर पोर उभी ऱ्हाईल. ऱ्हायलीच पायजे."

रंभाला थोरल्या भावजयीचा हा पालटलेला सूर समजत होता. पंधरा दिवसांपूर्वी हीच बाई विहिरीवर सगळ्या गावाला सांगत होती की उद्धवच्या शिस्तीनं पोरीचं वाटोळं केलं. पण कुरडया तिच्या होत्या आणि काठी तिनं दिली होती. पोर उद्या उठून चालायला लागली तर तिच्या छातीवरचा धोंडा उतरणार होता, म्हणून ती आता उद्धवच्या बाजूला येऊन बसली होती. रंभाला तिचा राग आला नाही. तिची स्वतःची गतही काही वेगळी नव्हती. उद्धव नियमाला रडत होता, सुभद्राबाई काठीला, आणि वाटणी केली कुणी हे घरात अजून कुणी एका शब्दानं काढलं नव्हतं. कुणीतरी काढावं, तोंडावर म्हणावं, अशी ती रोज वाट बघायची आणि रोज सुटल्यासारखं वाटून स्वतःचीच लाज वाटून घ्यायची.

"दाजी, तुमी मगाशी पोरीच्या बाजूनं बोललात," उद्धव सोपानरावांना म्हणाला. "आता वैनी काय म्हंत्यात त्ये बी ऐकलंत."

"म्या कुनाच्याच बाजूचा न्हाई बाबा," सोपानराव घाईनं म्हणाले. "तुमच्या घरात मी कोन?"

"मग अक्का, तूच बोल." उद्धव रंभाकडे वळला. "तू निघालीस. जायच्या आदी ह्येचा निकाल लावून जा. तू तोडशील त्ये मला मान्य, हिला बी मान्य."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. रंभानं दौलतरावांकडे बघितलं. दौलतराव पुन्हा सुपारी कातरायला लागले होते, जणू त्या सुपारीत त्यांचं सगळं लक्ष होतं.

कारण खरं काय ते घरात त्या दोघांनाच माहीत होतं. मागल्या खेपेला पोरीला पुण्याला दाखवायला नेलं तेव्हा उद्धवला रजा मिळाली नव्हती. दौलतराव, रंभा आणि शालन गेले होते. डॉक्टरांनी थोरल्या माणसाला बाहेर व्हरांड्यात बोलावलं, सोबत रंभा गेली. ऊन मेंदूला लागलंय, ते म्हणाले. जे परत यायचं होतं ते महिन्याभरात आलं. यापुढे पोर अशीच राहील. आणि तिला दमवू नका, तिचे स्नायू आखडतात, तिला कळा येतात, ती सांगू शकत नाही इतकंच. दवाखान्याच्या फाटकाशी दौलतरावांनी रंभाचा हात धरला होता. "उद्धवला हे सांगायचं न्हाई. त्यो इंद्रायणी जवळ करंल. आईची आन हाय तुला." आणि रंभानं आण घेतली होती.

आता बोलायला हवं. रंभानं तोंड उघडलंसुद्धा. आज घरात सगळे आहेत, नवरा आहे, दादा आहे, उद्धवला धरायला चार हात आहेत. एकदा हे बाहेर पडलं तर तो रडेल, डोकं आपटून घेईल, पण तो कासरा सुटेल आणि पोरीच्या कळा थांबतील. ती त्याची थोरली बहीण होती. तिचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता.

उद्धव पुढे सरकला. लहानपणी जत्रेत हात सुटून हरवला होता आणि सापडल्यावर जसा बघत होता, तसाच तो आता बघत होता. "अक्का, समदा दिस नगो मला," तो हळूच म्हणाला. "निस्ती सकाळ दे. सकाळ दिलीस तरी मी तिला दिवाळीपातुर उभी करतो. तू बग."

दाराच्या चौकटीवर शालनचा हात होता. बांगड्या वाजत नव्हत्या. ती डोळ्याची पापणी न लववता रंभाकडे बघत होती. रंभाला वाटलं, हीसुद्धा आपला वाटा मागतेय.

मग रंभानं जन्मभर जे केलं तेच केलं.

"सकाळ उद्धवची," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "न्याहारीपासनं जेवणापातुर त्यानं तिच्याकडनं काय करून घ्यायचं त्ये घ्यावं. जेवणामागनं पोरगी शालनची. मग तिला कुनी चल म्हणायचं न्हाई का मोज म्हणायचं न्हाई. पडंल तर पडू द्यायची, झोपंल तर झोपू द्यायची."

पडवीतली हवा सैल झाली. "ह्ये ब्येस झालं," सोपानराव म्हणाले. सुभद्राबाईनं मान हलवली. दौलतरावांनी इतका मोठा श्वास सोडला की रंभाला त्याचा संताप आला. उद्धवनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि पोरीला जवळ ओढलं. "ऐकलंस का बाय? आत्यानं सकाळ दिली आपल्याला." चौकटीवरचा हात तेवढा तिथून गेला.

निघायची वेळ झाली. सोनबा आणि त्याची बहीण छकड्यात चढूनही बसले. शाळा उघडायला आली होती, आणि दोघं कधी नव्हे ती शाळेत जायला उतावीळ झाली होती. या घरातून निघायला मिळतंय याचाच त्यांना आनंद होता, आणि तो लपवायचं त्यांचं वय नव्हतं.

रंभा माजघरात ओटी भरून घ्यायला बसली. दर साली सुभद्राबाई भरायची. आज शालन सूप घेऊन आली आणि आपण होऊन समोर बसली. तिनं रंभाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला, आणि ओंजळीनं तांदूळ घालायला लागली. दोघींची डोकी इतकी जवळ आली होती की तिचा श्वास रंभाच्या गालाला लागत होता.

"वन्सं," शालन म्हणाली, "डाक्तर काय बोल्ला त्ये मला ठावं हाय."

रंभाच्या हातातला पदर सुटता सुटता राहिला.

"मी दारामागंच हुते. पोर मांडीवर झोपली हुती, म्हून हलता यीना. समदं ऐकलं." तिनं दुसरी ओंजळ घातली. तांदळाचा एक दाणाही बाहेर पडला नाही.

"मग तू त्याला सांगितलं का न्हाईस?"

"मी सांगून? आईच पोरीला टाकाय निघाली म्हनत्याल. म्हनत्याल, हिलाच ती बरी व्हायला नगो. घरातलं समदं त्या आशेवर जेवत्यात, वन्सं. मी कोन त्यांच्या तोंडचा घास काढनार? तुमी ह्या घरच्या लेक हाईत. मगाशी तुमी तोंड उघडलं तवा वाटलं, आज बोलत्याल. तुमच्या तोंडाकडं बगत हुते मी."

"शालन, त्यो जीव दील गं..."

"दिला बी आसता, न्हाई बी दिला आसता. पर पोरीला रोज सकाळी काय हुतं त्ये मी बगते. हाक मारायला बी तिला जीभ न्हाई." तिचा आवाज तेवढा एकदाच फाटला. "मला अर्धा दिस नगो हुता, वन्सं. मी वाटा मागतच न्हवते."

रंभा उठायला लागली. "मी आत्ता जाते. आत्ता सांगते त्याला, समद्यांच्या समोर."

"बसा," शालन म्हणाली. "ओटी भरताना मधीच उठू न्हाई. आन् आता काय सांगनार? मगाशी ठावं आसून वाटनी केली, आसं? त्याला खोटं वाटंल. म्हनंल, शालननं आत नेऊन कान फुकलं. त्याला सकाळ दिलीया तुमी. दुनिया इकडची तिकडं झाली तरी त्यो आता ती सोडायचा न्हाई."

हे खरं होतं. रंभाला ते तिच्या बोलण्याआधीच कळलं होतं, आणि त्याहून भयंकर म्हणजे, खरं आहे म्हणून तिला क्षणभर हायसं वाटलं होतं. आता बोलून उपयोग नाही, म्हणजे आता बोलावं लागणार नाही. आपण कसलं माणूस आहोत हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि तिला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. जमीन कुणाला अशी घेत नाही. बाहेरून सोपानरावांची हाक आली की ऊन उतरलंय, आवरा.

शालननं सूप बाजूला ठेवलं, खाली वाकली आणि रीतीप्रमाणे नणंदेच्या पायाला हात लावला. "पुढल्या सुट्टीला या," ती म्हणाली.

रंभाचं बोचकं उद्धवनं स्वतः उचलून छकड्यात ठेवलं. त्या दुपारनंतर पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याला रंग आला होता. त्यानं सोनबाच्या डोक्यात टपली मारली, बैलाची वेसण नीट केली, मग रंभाच्या जवळ येऊन उभा राहिला.

"अक्का, तू हुतीस म्हून निभावलं," तो म्हणाला. "पुढल्या उनाळ्याला तू येशील ना, तवा ती गावच्या येशीपातुर पळत यील तुला आनाय. येईल का न्हाई, तू सांग."

रंभानं ओटीचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"येईल की रे," ती म्हणाली. "का न्हाई यायची?"

आणि ती छकड्यात चढली.